सोळावं बोरन्हाण

काचेच्या बरणीत, ओल्या मातीखाली वीतभर खोल, एक बेडूक चार वर्षं बसून होता. बरणीला चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर डॉ. कुमुद हर्डीकरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'चाळीस नंबर. हात लावू नये. विचारूही नये.'

त्या सकाळी, पुण्यातल्या त्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत, हर्डीकरबाईंच्या हाताखाली काम करणाऱ्या शाल्मली बिडकरने चमच्याने माती बाजूला केली आणि बेडकाला उतारा टोचला. अकरा मिनिटांनी त्याने डोळे उघडले. विसाव्या मिनिटाला त्याने समोरची माशी गिळली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने तो बसून राहिला.

"बोटाचं हाड बघ," हर्डीकरबाई म्हणाल्या.

शाल्मलीने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बेडकाच्या हाडात, झाडाच्या खोडात पडावं तसं, दर वर्षी एक वर्तुळ पडतं. मातीत घातला तेव्हा चाळीस नंबरच्या हाडात दोन वर्तुळं होती. आत्ताही दोनच होती.

शाल्मलीचा नवरा हेमंत दाराशी उभा होता. तो परिवहन प्राधिकरणात अभियंता होता. बायकोचा विसरलेला डबा घेऊन आला होता आणि डबा हातात धरूनच पाहत राहिला होता.

"म्हणजे चार वर्षं झोपला होता," तो म्हणाला.

"झोपेत वय वाढतं. तू रोज झोपतोस, तरी टक्कल पडतंयच ना?" हर्डीकरबाईंना कोणाचं मन राखायची सवय नव्हती. "हे झोपणं नाही, हे मंदन. श्वास, पचन, पेशींची वाढ, मेंदूतले संदेश, सगळं एकाच प्रमाणात मंद करायचं. हजारपट. घरातली सगळीच घड्याळं सारखी मागे पडली, तर घरातल्यांना काय कळणार? पंचांगाची चार वर्षं गेली, देहाचा दीड दिवस गेला. पंचांगवेळ वेगळी, देहवेळ वेगळी."

"आणि तीन तास?"

"अकरा सेकंद."

हेमंतने डबा टेबलावर ठेवला, खिशातून कागद काढला आणि उभ्याउभ्या काहीतरी लिहिलं. "मग आम्ही गाड्या वेगवान करायला का मरतोय?" तो सावकाश म्हणाला. "प्रवाशाला अकरा सेकंदच लागणार असतील, तर गाडी हळूच जाऊ दे. घाई काय आहे?"

पुढे हे वाक्य सगळ्या मंदगाड्यांच्या डब्यांवर रंगवलं गेलं. पण ते पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हा डब्यातली कढी सांडून टेबलभर झाली होती आणि शाल्मली फडकं शोधत होती.

*

प्रवाशांना मंदनात ठेवून नेणाऱ्या मंदगाड्या सुरू झाल्या, तेव्हा बिडकरांचं घर एक्केचाळिसाव्या मजल्यावर होतं. खिडक्या कायमच्या बंद, कारण बाहेरची हवा आत घ्यायच्या लायकीची नव्हती. तरी त्यांची सव्वा वर्षाची गोदा खोकायचीच. वाफेचं यंत्र तिच्या तोंडाला लावून शाल्मली तिला थोपटत बसायची. वाफ संपली की गोदा यंत्राला 'बाय' करायची.

पण शाल्मलीचं मन उडालं ते खोकल्याने नाही. एका संध्याकाळी तिला पाळणाघरात पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. बाकीची मुलं गेलेली. गोदा बूट घालून, पाठीला पिशवी लावून, दाराच्या जाळीला दोन्ही मुठींनी धरून उभी होती. रडत नव्हती. रडून झालेलं होतं. जाळीचे चौकोन तिच्या गालावर उमटले होते आणि ते आंघोळीपर्यंत गेले नाहीत.

"तिने किती वेळ वाट बघितली असेल रे," शाल्मली त्या रात्री जेवताना म्हणाली.

"सगळीच मुलं बघतात. मीही बघितली. माझी आई शाळेत शिकवायची."

"म्हणून असा झालास."

हेमंत हसला नाही. त्याने टेबलावर सोनटेकचा नकाशा पसरला. बालाघाटच्या डोंगरांपलीकडे, पुण्यापासून मंदगाडीने तीन तासांवर, नवं गाव वसत होतं. अंगण असलेली घरं, कडुनिंबाची झाडं, मोठं मैदान, रात्री चांदण्या दिसतील अशी हवा. जाताना अकरा सेकंद, येताना अकरा सेकंद.

"आपल्याला अकरा सेकंद," शाल्मली म्हणाली. "तिला नाही. आपण सकाळी सहाला निघणार, रात्री नऊला येणार. ती पंधरा तास जाळी धरून उभी राहणार."

आणि मग, जेवणाचं ताट तसंच ठेवून, शाल्मलीला ती कल्पना सुचली. पुढे तिला त्याच कल्पनेसाठी मानपत्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिने ती हर्डीकरबाईंना सांगितली. लहान मुलासाठी पाळण्याएवढा मंदनकोश. नाव पाळणकोश. आई निघताना मुलाला त्यात ठेवेल, झाकण लावेल. आई परत आली की झाकण उघडेल. मुलाच्या दृष्टीने आई गेलीच नाही. नियम असा की कोश फक्त आईच्या किंवा वडिलांच्या तळहातानेच उघडेल, म्हणजे जाग येताना समोर परकं माणूस कधीच दिसणार नाही.

"मुलाचा एकही क्षण आईवडिलांवाचून जाणार नाही," शाल्मली म्हणाली.

हर्डीकरबाईंनी चाळीस नंबरकडे पाहिलं. "बेडकाला आई नसते," त्या म्हणाल्या. "त्यामुळे या बाबतीत मला त्याचा काही उपयोग नाही. आणि मलाही मूल नाही, त्यामुळे तुला माझा उपयोग नाही. पण तुझ्या मुलीच्या गालावरची जाळी तुला बोचतेय. तिला बोचतेय का, हे विचारलंस?"

"ती सव्वा वर्षाची आहे, बाई."

"तेच म्हणते मी."

मे महिन्यात बिडकर सोनटेकला राहायला गेले.

*

सोनटेक खरोखरच चांगलं होतं. खोटं कशाला बोला. गोदाचा खोकला आठवड्यात गेला.

मंदनातला वेळ देहाला लागत नसल्याने मोठ्यांचा दिवस अठरा तासांचा झाला होता आणि पाचेक तासांची झोप पुरत होती. मुलांचा दिवस त्याहून लहान. आधी कोश फक्त पाळणाघरात होते, मग घरोघरी आले. कारण रविवारीही कामं असतातच. फरशी पुसायची आहे, पाहुणे यायचे आहेत, डोकं दुखतंय. तेवढा वेळ ठेवू या, तिला थोडंच कळतंय. बायकांचे हात भरलेले असतात म्हणून झाकण बसताच मंदन आपोआप सुरू होईल अशी सोय झाली. ती सुधारणाही शाल्मलीचीच. हळूहळू सोनटेकची मुलं दिवसाला सरासरी सहा तास जगू लागली. पण ते सहा तास काय सुरेख असायचे. आईबाप हसतमुख, घर आवरलेलं, वरणभातावर तूप. वाट पाहून रडणारं एक मूल अख्ख्या गावात नव्हतं.

मैदान मात्र रिकामं असायचं. तिथे टिटव्या अंडी घालायच्या आणि त्यांना कोणी हुसकत नसे.

मुलं चार वर्षांत एका वर्षाने वाढत. हे कोणी लपवलेलं नव्हतं. उलट जाहिरातीत तेच होतं. बाळपण चौपट. कुठल्या आईला नको असतं? शेजारपाजारची मुलंही त्याच चालीने वाढत होती, शाळेचे वर्गही त्याच चालीने पुढे सरकत होते, त्यामुळे कोणी मागे पडलंय असं कधी वाटलंच नाही. अडचण आली ती फक्त बोरन्हाणाची. संक्रांतीला लहान मुलाला काळे कपडे, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, आणि ते लुटायला बाकीची मुलं धावणार. हे पाच वर्षांपर्यंत करतात. पण पाच कोणती? सोनटेकच्या बायकांनी हळदीकुंकवात बसून ठराव केला की बोरन्हाण देहवर्षांनी मोजायचं. मग आठवं, दहावं, बारावं बोरन्हाण होऊ लागलं आणि हलव्याचे दागिने करणाऱ्या बाईला बरे दिवस आले.

गोदाचं सोळावं होतं. ते शेवटचं, कारण देहाने ती आता पावणेपाचची झाली होती.

*

त्या रविवारी दुपारी शाल्मलीच्या भावाची मुलगी कृत्तिका पुण्याहून आली. ती गोदापेक्षा आठ दिवसांनी लहान. पहिलं बोरन्हाण दोघींचं एकत्र झालेलं, एकाच पाटावर. आता ती अकरावीत होती, हेमंतपेक्षा दोन बोटं उंच, आणि लहानपणीची थट्टा म्हणून गोदाला अजून 'गोदूताई' म्हणायची.

"गोदूताई, मुकुट नीट धरा. सोळा वर्षांचा अनुभव आहे तुम्हाला."

"मला येतं," गोदा गंभीरपणे म्हणाली. "तूच बोरं हळू टाक. मागच्या वेळी नाकावर बसलं."

बोरं ओतली गेली. मुलं सराईतपणे तुटून पडली. लुटीचा त्यांचाही पंधरा-सोळा वर्षांचा सराव होता. शाल्मली काकवीच्या वड्या वाटत होती. कृत्तिका पायरीवर बसून बोरं खात होती, आणि बिया एका रांगेत मांडत होती.

"आत्या, गोदूताईला दहावी कधी?"

"होईल गं. घाई काय आहे?"

"नाही, सहज त्रैराशिक मांडलं. तुमच्याकडे चार वर्षांत मूल एका वर्षाने वाढतं, बरोबर? आणि तुम्ही? तुम्ही फक्त प्रवासात मंद असता. सहा तास."

"म्हणजे अठरा तास जगतो. चार वर्षांत तीन वर्षांनी वाढतो. आपल्या वहीत आहे सगळं."

"मग गोदूताई अठराची होईपर्यंत त्रेपन्न वर्षं जातील." कृत्तिकाने एक बी पुढे सरकवली. "मी एकोणसत्तरची असेन. आणि तू ब्याऐंशीची."

शाल्मलीच्या हातात ताट होतं. ते तिने खाली ठेवलं नाही, नुसती उभी राहिली.

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मुलांच्या वाढीचा तक्ता तिच्याच हातचा होता. एका बाजूला देहवेळ, एका बाजूला पंचांग. प्रवाशांच्या वयाचा तक्ता हेमंतच्या हातचा होता. एका बाजूला देहवेळ, एका बाजूला पंचांग. एक वही त्याच्या टेबलावर, दुसरी तिच्या. दोन्ही टेबलं एकाच खोलीत, मध्ये कपड्यांचं कपाट. गेल्या चौदा वर्षांत दोघांनी आपापलं वय आणि गोदाचं वय हजारदा पंचांगाशी ताडून पाहिलं होतं. एकमेकांशी कधी ताडलं नव्हतं.

शाल्मली आत गेली आणि तिने दोन्ही वह्या ओट्यावर शेजारी शेजारी उघडल्या. गोदाचं एक वर्ष, आईची तीन. देहाने ती आज साडेबेचाळीसची. तिच्या आईकडच्या बायका सत्तरी ओलांडत नाहीत. आई अडुसष्टला गेली, मावशी सहासष्टला. तिने सत्तर धरले, थोडे आपल्या पदरचे घालून. मी सत्तरीची होईन तेव्हा गोदू चौदाची.

बाहेर गोदा कोणालातरी सांगत होती, "एवढी बोरं माझ्या आईची. हात नाही लावायचा."

संध्याकाळी कृत्तिका गेल्यावर तिने हेमंतला वह्या दाखवल्या. त्याने चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.

"आपण परत जाऊ," शाल्मली म्हणाली. "पुण्याला. खोकेल. पाळणाघरात रडेल. पण वाढेल."

"त्या हवेत?"

"त्याच हवेत कृत्तिका वाढली. तुझ्याहून उंच आहे."

हेमंतने वह्या मिटल्या, एकावर एक ठेवल्या. तो वाईट माणूस नव्हता. "जाऊ. पण माझं हे मार्गाचं काम संपू दे. पुढच्या संक्रांतीपर्यंत. गोदूचे काय, तीनच महिने जातील."

"माझे नऊ जातील, हेमंत."

हेमंतने पाचचा गजर लावला. सकाळी सहाच्या गाडीने गेला.

*

शाल्मली गेली नाही. सोमवारी तिने गोदाला कोशात ठेवलं नाही, कडेवर घेतलं आणि पाळणाघरात जाऊन सांगितलं की उद्यापासून येणार नाही.

पाळणाघर अनसूयाताई मगर सांभाळायच्या. त्या मूळच्या तिथल्याच, सोनटेक वसायच्या आधीपासूनच्या. त्यांना कुठे जायचं-यायचं नव्हतं, त्यामुळे त्यांचं वय सरळ पंचांगाने वाढत होतं. पहिल्या दिवशी वेणीत अबोली माळून उभ्या असलेल्या अनसूयाताईंचे केस आता कानांपाशी पांढरे झाले होते. कोशांच्या रांगांमधून त्या फडकं फिरवत होत्या.

"या वेळेला जागं लेकरू," त्या गोदाकडे बघून म्हणाल्या. "चौदा वर्षांत इथं पहिलं. जन्मानं ही माझ्या नातवापेक्षा मोठी की हो. तो तर पार माझ्या खांद्याला लागला."

"उशीर झाला ना, ताई?"

"मला काय विचारता? तुम्ही शिकलेल्या." त्यांनी फडकं पिळलं. "आमची लेकरं दारात बसून वाट बघायची. आम्ही रानातून येईस्तोवर रडायची, भांडायची, माती खायची. वाट बघण्यातच वाढली की. तुमच्या लेकरांना तेवढा वेळच मिळाला नाही." मग त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर मागची खोली बघा. कोणी बघतच नाही."

मागच्या खोलीत सहा कोश होते. स्वच्छ पुसलेले. प्रत्येकाच्या झाकणावर हिरवा दिवा.

"ही मुलं कोणाची?"

"कोणाची नाहीत. आईबाप गेले. कोणी आजारानं, कोणी अपघातात. ह्यो नचिकेत. एकटी आई होती. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं? नातेवाईक नाहीत?"

"आहेत की. मामा आहे. सहा महिन्याला फोन करतो. दुसऱ्याचा हात चालायला कागद लागतात ना, तुमचाच नियम. मामा म्हणतो, घराचं काम झालं की कागद करतो, मुलीचं लग्न झालं की नेतो. तसा मायाळू आहे. दर वेळी विचारतो, रडत नाही ना? म्हटलं, नाही. म्हणतो, मग घाई काय आहे."

शाल्मलीने झाकणाच्या काचेतून पाहिलं. पोरगा कुशीवर होता. ओठ अर्धवट उघडे, आईला काहीतरी सांगता सांगता झाकण लागल्यासारखे. नऊ वर्षं. त्याचे सव्वातीन दिवस.

रडणारं मूल कोणीही उचलतं. परकंसुद्धा. शाल्मलीने रडणंच काढून घेतलं होतं.

"आई, तो लपलाय का?" गोदाने विचारलं.

"हो."

"मग शोध ना त्याला."

अनसूयाताईंनी खोलीचा दिवा मालवला.

*

घरी येऊन शाल्मलीने ठरवलं की आजच सुरुवात करायची. राजीनामा, पुण्यातलं घर, हेमंतची समजूत, हे सगळं नंतर. नचिकेतच्या मामाला फोनही आज दुपारीच. आधी हे. पुण्यात गोदाला पाळणाघरात राहावं लागणार, तर तिला वाट पाहता यायला हवी. दहा मिनिटांपासून शिकवू.

"गोदू, मी मागे जाऊन दोरीवरचे कपडे काढून आणते. तू इथे चित्र काढ. दहा मिनिटांत येते."

"दहा मिनिटं म्हणजे केवढं?"

"थोडंसंच."

"मग मला ठेव ना," गोदा कोशाकडे बोट दाखवून म्हणाली.

"आज नाही. आज तू जागी राहायचंस आणि मी येणार. बघ गंमत."

गोदाला गंमत कळली नाही, पण ती बसली. शाल्मली मागच्या अंगणात गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कपडे वाळलेले होते. दुसऱ्या मिनिटाला आतून हाक आली, "आई." मग मोठी हाक. मग गोदा रडू लागली. हट्टाचं रडणं नव्हे, सव्वा वर्षाच्या मुलासारखं, श्वास अडकेल असं. पावणेपाच वर्षांच्या त्या मुलीला आई दिसत नसलेला क्षण आठवणीत पहिल्यांदाच भेटत होता.

शाल्मलीने हातातला टॉवेल तोंडावर दाबून धरला आणि घड्याळाकडे पाहत राहिली. आत गेले तर पुन्हा जमणार नाही. मैदानाच्या बाजूला एक टिटवी ओरडत होती.

सहाव्या मिनिटाला रडणं थांबलं.

ती आणखी चार मिनिटं थांबली. बोलल्याप्रमाणे, मोजून दहा. शिकली, तिला वाटलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मुलीने वाट पाहिली. कपड्यांचा ढीग छातीशी धरून, डोळे पुसून ती आत आली.

चित्राची वही उघडी होती. खोलीत कोणी नव्हतं. कोशाच्या झाकणावर हिरवा दिवा लागलेला होता.

कपडे खाली पडले. तिने तळहात टेकला. झाकण उघडायला नेहमीएवढाच वेळ लागला. गोदाने डोळे उघडले तेव्हा गाल अजून ओले होते, पण चेहरा लख्ख झाला होता, एखादं गणित सुटावं तसा.

"बघ," ती म्हणाली. "आलीस की नाही? नुसतं बसून तू येतच नाहीस. झाकण लावलं की येतेस."

"नाही गं, बाळा. मी येणारच होते. तू थांबली असतीस तरी आले असते."

"मी थांबले होते. तू नाही आलीस. मग झाकण लावलं, लगेच आलीस."

नऊ हजारांवर वेळा तोच प्रयोग, तोच निष्कर्ष, एकदाही अपवाद नाही. इतका भक्कम पुरावा शाल्मलीच्या बेडकांनीसुद्धा तिला कधी दिला नव्हता. हा सिद्धांत खोटा ठरायला एकच दिवस पुरेसा होता. आणि तो दिवस उजाडला, तर ते गोदाला सांगायला झाकण उघडणारं कोणी नसणार होतं.

जमिनीवर पडलेल्या कपड्यांकडे गोदाने पाहिलं. आईचं काम राहिलंय हे तिला कळलं. शहाण्या मुलीसारखी ती पुन्हा आडवी झाली आणि दोन्ही हात वर करून तिने झाकणाची कड धरली.

"तू जा," ती म्हणाली. "मी लावून घेते."